मिसळीला किती दात?

कोल्हापुरात हल्ली स्थळ बघायला गेल्यावर कुणी आधी पत्रिका विचारत नाही. चहा येतो, पोहे येतात, मुलीचा मामा घसा साफ करतो आणि विचारतो, "मुलाचे दात किती?"

तोंडातले नव्हेत. त्याच्या मोटरसायकलच्या मागच्या चाकाचे.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी स्प्रॉकेट समजावून सांगायला लागेल. घाबरू नका, मी हे आमच्या आजीला सांगितलंय आणि तिला कळलंय, फक्त तिला ते आवडलं नाही.

सायकल डोळ्यांसमोर आणा. पेडलपाशी एक दातेरी चकती, मागच्या चाकाला दुसरी, मधे साखळी. रेसच्या गाडीचंही तेच. पुढची चकती मोटरला, मागची चाकाला, आणि दोन्हींना म्हणायचं स्प्रॉकेट. मागचं मोठं लावलं, म्हणजे दात जास्त, की गाडी वळणातून पिसवेसारखी उडते, पण तिचा दम लवकर संपतो. मागचं लहान लावलं की सुटताना म्हशीसारखी उठते, पण सरळ रस्ता मिळाला की पळतच राहते. पेट्रोलच्या गाड्या होत्या तेव्हा पाच-सहा गिअर असायचे, थोडं चुकलं तरी खालीवर करून निभायचं. आता रेसच्या गाड्या विजेच्या झाल्या आणि त्यांना गिअर एकच. म्हणजे आदल्या दिवशी मागं किती दातांचं लावलं यावर सगळं. एकदा लावलं की देवाचं नाव घ्यायचं.

आणि प्रत्येक ट्रॅकचा हिशोब वेगळा. आमच्या भागात तीन आहेत. कागलच्या माळावरचा लांब आणि सपाट, त्याला सगळे पोळी म्हणतात. जोतिबाच्या बाजूचा नुसता वळणावळणाचा, ती जिलबी. पोळीला चाळीस दात, जिलबीला पन्नास, हे गॅरेजांनी भरलेल्या उद्यमनगरात चहावाला पण सांगेल. तिसरा ट्रॅक अर्धा सरळ, अर्धा गरगर. त्याचं नाव मिसळ. मिसळीला किती दात लावायचे यावरून आमच्या गल्लीत दोन सख्खे भाऊ वेगळे राहायला लागलेत.

माझ्या पप्पांचं गॅरेज त्याच गल्लीत. रणजित नेजदार. तुम्ही कोल्हापूरचे नसाल तर नाव ऐकलं नसेल, आणि कोल्हापूरचे असाल तर पप्पांनी स्वतःच सांगितलं असेल. मी ओवी, अकरावी सायन्स. गाडीचं स्प्रॉकेट बदलणं, साखळीची कडी कमीजास्त करणं, ताण बघणं हे आठवीपासून माझं काम. (बोलताना मी "मी करतो, मी बघतो" असंच म्हणते, कोल्हापूरच्या पोरी तसंच बोलतात. लिहिताना मराठीच्या बाई डोळ्यांसमोर येतात म्हणून "करते".)

पण मला बदलायचं नव्हतं, चालवायचं होतं. ज्युनिअर गटात उतरायला आई आणि वडील दोघांची सही लागते. पप्पांची सही मी नववीतच घेऊन ठेवली. मम्मी हाडांच्या दवाखान्यात सिस्टर आहे. तिनं कागद वाचला, घडी घातली आणि मला परत दिला.

"तुझा बाप मिसळीत पहिल्या तिघांत आला की मी सही करतो," ती म्हणाली.

"असं काय मम्मी? त्याचा आणि माझा काय संबंध?"

"नेजदारांच्या रक्तात रेस आहे म्हणतो न्हवं? मग येऊ दे की रक्ताला वर. तोवर तू सायकल चालव."

मला हे फार सोपं वाटलं, कारण पप्पा त्याच्या आदल्याच वर्षी मिसळीत दुसरे आले होते. त्या वर्षी ते चौथे आले. पुढच्या वर्षी परत चौथे. पोळीवर पहिले, जिलबीवर दुसरे आणि मिसळीत चौथे. मी साखळी तपासली, टायर तपासले, एकदा पप्पांचे बूट पण तपासले.

मग वैद्य आला.

वैद्य म्हणजे पुण्याच्या तीन पोरांनी बनवलेली एक पट्टी. उजव्या मुठीवर रबरासारखी गुंडाळायची, बास. तिचं खरं नाव लांबलचक इंग्रजी होतं, पण हात धरून निदान सांगते म्हटल्यावर गल्लीनं तिला वैद्य करून टाकलं.

यातलं शास्त्र मला फार आवडतं. गाडीच्या बाजूचं गणित सगळ्यांचं सारखंच असतं. लांबच लांब सरळ रस्त्याच्या शेवटी, तुम्ही मूठ सोडून ब्रेक दाबता त्याच क्षणी मोटर पूर्ण दमाला पोचली पाहिजे. आधीच पोचली तर उरलेला रस्ता नुसती कोकलत जाते. पोचलीच नाही तर वळणातून सुटताना जी उसळी मिळाली असती ती फुकट घालवली. पण तुम्ही मूठ नक्की कुठं सोडता? हे आजवर कुणालाच धड माहीत नव्हतं, कारण विचारलं की प्रत्येक जण "एकदम शेवटी" म्हणतो.

आपण हात हलवायच्या आधी हाताच्या स्नायूंत बारीक वीज खेळते. हृदयाचा कार्डिओग्राम काढतात ना, तशीच. हात अजून हललेला नसतो, पण स्नायूला निरोप पोचलेला असतो. वैद्य तो निरोप मधल्या मधे वाचतो. वरून तळव्याचा घाम मोजतो. तीन फेऱ्या मारल्या की त्याला कळतं, हा माणूस कुठल्या झाडापाशी मूठ सोडणार, सोडायची इच्छा कुठल्या झाडापासून होणार, आणि उद्या रेसमधेही तेच करणार. मग तो त्या माणसाच्या मापाचं स्प्रॉकेट सांगतो. जो शेवटपर्यंत मूठ सोडत नाही त्याला कमी दात. जो लवकर सोडतो त्याला जास्त.

थोडक्यात, दात जितके जास्त तितकी भीती जास्त. पुण्याच्या पोरांनी हे असं कुठंच लिहिलं नव्हतं. पण कोल्हापुरात ते कळायला एक दुपार लागली.

आता आमच्याकडची एक जुनी पद्धत आहे. रेसच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक जण आपलं मागचं स्प्रॉकेट ट्रॅकच्या दाराजवळच्या फळीवर टांगतो. त्याला हळदकुंकू, एक नारळ, आणि मग सकाळी तेच चाकाला लावायचं, बदलायचं नाही. कुणीतरी कधीतरी रातोरात बदलून फसवाफसवी केली होती म्हणून ही पद्धत पडली. इतकी वर्षं त्या फळीकडं फक्त मेकॅनिक बघायचे. वैद्य आल्यावर अख्खं गाव दात मोजायला यायला लागलं. बायका मोजायच्या, मुलं मोजायची, सासरे दुर्बीण आणायचे. गाडीवाल्यांची फळी म्हणजे भित्र्यांची यादी झाली.

पहिला तडाखा जिलबीला बसला. वैद्यनं पप्पांना सांगितलं पन्नास. सगळ्यांनाच त्यानं पन्नासच्या आसपास सांगितलं, कारण जिलबीला पन्नासच लागतात. पण बाळकाका चौगुल्यांनी फळीवर सत्तेचाळीस टांगलं. बाळकाका म्हणजे पप्पांचे पहिलीपासूनचे मित्र आणि पहिलीपासूनचे दुश्मन.

"बाळ सत्तेचाळीस लावतो आणि मी पन्नास?" पप्पा म्हणाले.

"पप्पा, ही जिलबी आहे. सत्तेचाळीस लावून वळणातून गाडी उठायची नाही."

"त्याची उठणार आणि माझी नाही?"

"त्याची पण नाही उठणार."

"तू सेहेचाळीस काढ."

त्यांचं सेहेचाळीस बघून कुणीतरी पंचेचाळीस टांगलं. अंधार पडेपर्यंत फळी त्रेचाळीसवर आली. दुसऱ्या दिवशी जगातली सगळ्यात संथ मोटरसायकल रेस झाली. प्रत्येक वळणातून सगळे वाघ एका रांगेत असे बाहेर यायचे की वरातीची आठवण व्हावी. कुंपणापलीकडं म्हशी चारणारे एक आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांनी मला विचारलं, "बाळ, माझी एक सोडू काय आत?"

त्या रेसमधे पप्पा सहावे आले आणि घरी येऊन म्हणाले, "पण फळीवर भारी दिसत होतं."

आणि मग मिसळ आली. माझं अकरावीचं वर्ष. ज्युनिअर गटाचं नवं प्रशिक्षण दिवाळीनंतर सुरू होणार होतं, आणि जागा बाराच. या वेळी सही नाही मिळाली तर पुढच्या वर्षी बारावी, आणि बारावीत आमच्या घरात फक्त पंखा चालतो.

सरावाला गुरुवारी पप्पांनी तीन फेऱ्या मारल्या. मी वैद्यची पट्टी टॅबलेटला जोडली. पुण्याच्या पोरांनी त्याला एका बाईंचा आवाज दिलाय, इतका शुद्ध की ऐकताना पाठ ताठ होते.

"नमस्कार," वैद्य म्हणाला. "आपली मूठ अखेरच्या सरळ रस्त्यावर, चिंचेच्या वळणाच्या बऱ्याच आधी सैल पडते. धैर्य पुरेसे असल्यास चव्वेचाळीस दात योग्य. सद्यःस्थितीत एकोणपन्नास सुचवण्यात येत आहेत. कृपया वाईट वाटून घेऊ नये."

पप्पांनी हेल्मेट काढलं, केस नीट केले आणि म्हणाले, "ह्या बाईला पुण्याला परत पाठव."

"पप्पा, आवाजाचं सोडा. एकोणपन्नास म्हणतोय."

"मी मिसळीत एकोणपन्नास टांगू? बाळ्या हार घालील मला. त्रेचाळीस लाव."

"त्रेचाळीस लावलं तर तुम्ही चौथे पण येणार नाही."

"मूठ नाही सोडत मी ह्या वेळी. झालं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी परत तीन फेऱ्या. पप्पांनी दात आवळून मारल्या, उतरल्यावर मला जबडा दुखतोय म्हणाले. वैद्य म्हणाला, "एकोणपन्नास. प्रयत्नांची नोंद घेतली आहे."

मी घरी जाऊन जुने आकडे बघितले. पोळीवर वैद्यनं पप्पांना चाळीस दिले होते, म्हणजे तिथं ते मूठ पार शेवटी सोडत होते, आणि पोळीच्या शेवटाला मिसळीपेक्षा जास्त वेग असतो. जिलबीवर पन्नास, म्हणजे जेवढे लागतात तेवढेच. दोन्हीकडं भीतीचा एक दात जास्त नाही. मग मिसळीतच पाच दात कुठून आले? चिंचेचं वळण तर पोळीच्या वळणापेक्षा सोपं. मी स्वतः सायकलवर हात सोडून घेतलंय.

शुक्रवारी दुपारी मी कॉलेज बुडवून गॅरेजवर गेले. पप्पा चहा पीत होते.

"पप्पा, एक विचारतो. खरं सांगायचं."

"प्रॅक्टिकल नाही काय आज तुला?"

"चिंचेपाशी तुम्हाला काय दिसतं?"

"चिंच."

"पप्पा."

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि बराच वेळ प्यायलाच नाही.

"मिसळीत मी तिघांत आलो की तुझी मम्मी सही करणार," ते म्हणाले. "बरोबर?"

"बरोबर."

"तर तो शेवटचा सरळ रस्ता लागला, पुढं दोघंतिघंच दिसायला लागले, की मला वाटतं, आता आलो आपण तिघांत. आणि मग तिथं चिंचेपाशी मला तू दिसतेस."

"मी तर तिथं कुंपणाला उभीच असते."

"कुंपणाला नव्हे. गाडीवर."

मी शेजारच्या टायरवर बसले.

"मी सोडत नाही ग मूठ," पप्पा म्हणाले. "देवाशपथ. ती सुटते. मी सही केली तेव्हा हातानंच केली, पण हाताला मान्य नाही असं दिसतंय."

दोन वर्षं मी साखळी तपासत होते. मला आधी भयंकर राग आला, मग रडू आलं, आणि मग, कारण मी अशीच आहे, गणित आलं.

"मग सुटू दे की," मी म्हटलं.

"काय?"

"मूठ. सुटू दे. तुम्ही ती आवळायला बघताय म्हणून सगळा घोळ होतोय. भीती आहे तर आहे. तिच्या मापाचं लावलं तर तुम्ही वळणातून इतके लवकर सुटाल की पुढं लवकर मूठ सोडली तरी चालतंय. वैद्य तेच सांगतोय. एकोणपन्नास लावा आणि तिघांत या."

पप्पांनी माझ्याकडं बघितलं. म्हणजे एकोणपन्नासला हो म्हणणं म्हणजे कशाला हो म्हणणं आहे, हे त्यांना कळलं होतं आणि मलाही. चहा पार गार झाला.

"येतो तिघांत," ते शेवटी म्हणाले. मग लगेच, "पण फळीवर एकोणपन्नास टांगणार नाही. मेलो तरी."

इथं मला जे सुचलं त्याचा मला आजही अभिमान आहे. फळीवर मागचं स्प्रॉकेट टांगतात. पुढचं कोण टांगतं? ते एवढंसं, तेलकट, झाकणाच्या आत. पण गाडीला एकट्या मागच्याशी देणंघेणं नसतं, पुढच्या-मागच्याच्या भागाकाराशी असतं. पुढं नेहमी पंधरा दात असतात. पुढचा एक दात कमी केला की मागं साधारण तीन वाढवल्यासारखं होतं. पुढं पंधरा, मागं एकोणपन्नास, आणि पुढं तेरा, मागं बेचाळीस: गाडीला दोन्ही जवळजवळ सारखंच.

पप्पांनी बोटांवर मोजलं. परत मोजलं. "म्हणजे फळीवर बेचाळीस टांगायचं," ते हळूच म्हणाले. "बाळ्यापेक्षा कमी." दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला.

लहान स्प्रॉकेटवर साखळीला जास्त वाकावं लागतं, ती लवकर झिजते, पण एका रेसपुरतं चालतं. मी लगेच बागवानचाचांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेले.

"चाचा, पुढचं तेराचं आहे काय?"

चाचांनी चष्म्यावरून बघितलं. "तेराचं? कुणी मागत नाही ग ते." मग आत जाऊन पुडकं घेऊन आले. "शेवटचंच आहे. कुणाला सांगू नकोस."

शनिवारी संध्याकाळी पप्पांनी बेचाळीस दातांचं स्प्रॉकेट फळीवर टांगलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. लोक मोजायला लागले आणि मोजता मोजता गप्प झाले. बाळकाका चौगुल्यांचं त्रेचाळीस शेजारीच होतं. त्यांनी दोनदा मोजलं.

"रणज्या, बेचाळीस?" ते म्हणाले. "विमा उतरवलास का?"

"तुझ्यासारखी झोप लागत नाही रे मला सरळ रस्त्यावर," पप्पा म्हणाले.

"माझं त्रेचाळीस बघितलंस न्हवं? ते पण आरामात."

"आराम तर दिसतोच आहे तुझा. पोटावर."

मम्मी रुग्णवाहिकेपाशी होती. रेसला तिची ड्युटी तिथं असते. तिनं फळीकडं बघितलं, पप्पांकडं बघितलं, मग सावकाश माझ्याकडं. मी आभाळाकडं बघितलं. आभाळ छान होतं.

रविवारी मी चिंचेपाशीच उभी राहिले. हटकून. पहिल्या फेरीत पप्पा आठवे होते. पण वळणं लागली आणि गाडी अशी सुटायला लागली की मला तोंडावर हात ठेवावा लागला. फळीवर त्रेचाळीस आणि खरोखरच पुढं पंधरा लावलेले शूर वीर जिलबीच्या रेससारखे रांगत होते, आणि पप्पा त्यांच्यातून सुईसारखे निघाले. सातवे, सहावे, पाचवे. सरळ रस्त्याला ते आले, चिंचेच्या बरंच आधी त्यांची मूठ सुटली, मला कळली सुटलेली. आणि नेमकी त्याच क्षणी मोटर पूर्ण दमाला पोचली. एक हातभर रस्ता वाया गेला नाही. भीती आणि मोटर एकाच ठिकाणी संपली. मी आजवर इतकं नीट जुळलेलं काही बघितलेलं नाही.

ते तिसरे आले. दुसरे बाळकाका. पहिली इचलकरंजीची अफरीन मुल्ला, तिनं फळीवर चव्वेचाळीस टांगलं होतं.

मी कागद घेऊन धावत सुटले, पण पहिल्या तिघांच्या गाड्या नियमाप्रमाणे तपासायच्या होत्या. मोटरमधे काही भानगड केलेली नाही ना, हे बघायला तपासनीस झाकण काढतात. झाकण म्हटल्यावर मी कागद पाठीमागं धरला. पप्पा मला म्हणाले, "हस."

तपासनीसांनी अफरीनच्या गाडीचं झाकण काढलं. वाकले. बोटानं मोजलं. "तेरा?" ते स्वतःशीच म्हणाले.

मग बाळकाकांची गाडी. झाकण. बोट. "तेरा."

पप्पांच्या गाडीचं झाकण काढताना त्यांनी मोजायचीही तसदी घेतली नाही.

तिघंही आपापल्या बुटांकडं बघत उभे होते. शेवटी बाळकाका पप्पांच्या कानाशी आले, पण बाळकाकांचं कुजबुजणं गोकुळ शिरगावपर्यंत ऐकू जातं. "बागवानचाचा तुला काय म्हणाले?"

"शेवटचं आहे म्हणाले."

"मला पण."

"मला पण," अफरीन म्हणाली. "कुणाला सांगू नकोस म्हणाले."

तपासनीसांनी नियमांचं पुस्तक उलटसुलट चाळलं. पुढच्या स्प्रॉकेटबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. निकाल कायम राहिला. त्या आठवड्यापासून मुलींचे मामा "दात किती" विचारून थांबत नाहीत. "आणि पुढचे किती?" म्हणतात, आणि मुलाकडचे पोह्यांत बघतात.

मी मम्मीपुढं कागद धरला. तिनं पेन काढलंसुद्धा. मग म्हणाली, "वैद्यनं पण तेच सांगितलं न्हवं? चिंचेपाशी ह्यांची मूठ सुटते म्हणून?"

"तुला माहीत होतं?"

"वैद्यला आता कळलं. आपल्या माणसाची काळजी लागली की ह्यांची मूठ सुटते, हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे. म्हणून तर ती अट घातली." तिनं पेनाचं टोपण परत लावलं. "शब्द दिला तो दिला, सही करणार. पण आधी तुझ्या तीन फेऱ्या. वैद्य लावून. मला तुझा आकडा बघायचाय."

मला हसूच आलं. मी गल्लीत आधीच सांगून ठेवलं होतं की माझे चाळिशीच्या आत येणार. पुढच्या रविवारी मिसळीत ज्युनिअरची गाडी घेऊन मी तीन फेऱ्या मारल्या. मला वाटलं मी विजेसारखी गेले. पप्पा म्हणाले, "छान," पण ते कपाळ पुसत म्हणाले. मम्मी रुग्णवाहिका नसताना रुग्णवाहिकेच्या जागी उभी होती.

"नमस्कार," वैद्य म्हणाला. "आपली मूठ सर्व वळणांच्या आधी सैल पडते. एकदा सरळ रस्त्यावरही पडली, कारण आढळले नाही."

"कारण होतं," मी म्हटलं. "कुत्रं होतं."

"कुंपणाबाहेर," पप्पा म्हणाले.

"सुचवलेले दात," वैद्य म्हणाला, "चोपन्न. कृपया वाईट वाटून घेऊ नये."

चोपन्न. बागवानचाचांकडं चोपन्नचं मिळतच नाही. एवढं मोठं कुणी मागतच नाही. मला जमीन फाटून आत जावं असं वाटलं. मी मम्मीकडं बघायचं टाळत हातमोजे काढत बसले, एकेक बोट सावकाश, आणि तेवढ्यात मला पेनचा आवाज आला. मम्मी गाडीच्या सीटवर कागद ठेवून सही करत होती.

"मम्मी, चोपन्न आले."

"ऐकलं मी. माझ्याकडं सोमवारी येतात ते सगळे वाघ असतात, ओवी. अडतीसवाले, एकोणचाळीसवाले. चोपन्नवाला एक पण प्लास्टर घालून घ्यायला आलेला नाही अजून." तिनं कागदावर फुंकर मारली. "जा. लाव तेवढे आणि चालव."

चोपन्नचं स्प्रॉकेट पप्पांनी स्वतः गॅरेजमधे कापलं. कापताना मधेच थांबले. "ओवे, पुढं तेराचं लावतो. मग मागं सत्तेचाळीसमधे भागतंय. कुणाला कळायचं नाही."

"आणि तुमच्यासारखं पोह्यांत बघत बसू?"

"मी कुठं पोह्यांत बघितलं? मी बुटाकडं बघितलं."

प्रशिक्षण झाल्यावर माझी पहिली रेस पण मिसळीतच होती, मोठ्यांची आणि ज्युनिअरची एकाच दिवशी. शनिवारी संध्याकाळी मी सगळ्यांत आधी जाऊन माझं टांगलं. ते इतकं मोठं होतं की शेजारच्या खिळ्यावर गेलं, तिथं कुणाला लावायला जागा उरली नाही. मी हळदकुंकू वाहिलं. नारळ फुटायला दोन फटके लागले, तेवढं काय.

लोक आले. मोजायला लागले. मोजणारे मधेच चुकायचे आणि परत पहिल्यापासून सुरू करायचे. बाळकाका चौगुले हातात आपलं त्रेचाळीस घेऊन आले आणि फळीपुढं थांबले.

"कुणाचं हे परातीएवढं?"

"माझं," मी म्हटलं. "चोपन्न आहेत, काका. मोजत बसू नका. पुढं पंधरा. झाकण उघडून दाखवू काय?"

"एवढे दात टांगताना लाज नाही वाटली, पोरी?"

"आकडा आला तेव्हा वाटली. मग गाडीला लावून बघितलं. वळणातून अशी सुटते काका, की लाज मागं राहते."

काकांनी माझ्याकडं बघितलं. पप्पांकडं बघितलं. पप्पा त्या वेळी आपल्या पिशवीतून एकोणपन्नास काढून खिळ्यावर अडकवत होते, आणि कुंकवाचा करंडा सापडत नाही असं दाखवत होते, म्हणजे कुणाशी बोलायला नको.

बाळकाका आपल्या चारचाकीकडं गेले, त्रेचाळीस डिकीत ठेवलं आणि बराच वेळ आत खुडबुड करत राहिले. परत आले तेव्हा हातात दुसरंच होतं, चांगलं मोठं.

"सरक जरा," ते मला म्हणाले. "तुझ्यामुळं आम्हाला खिळा पण उरला नाही."

मी सरकले. त्यांचे किती होते ते मी मोजलं नाही. त्या संध्याकाळी फळीवर कुणीच मोजत नव्हतं, कारण खिळे कमी पडायला लागले होते आणि सगळे ठोकायला हातोडी शोधत होते.